आठवीतल्या पोराला हजार पानं देऊ नका हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत सुट्टीत मुलांना कुठल्या ऐतिहासिक कादंबऱ्या द्याव्यात याची यादी आली होती. मी ती कापून आमच्या वाचनालयाच्या बोर्डावर लावली पण, आणि दोन दिवसांनी काढून टाकली. राग मानू नका. यादीतली पुस्तकं वाईट अजिबात नाहीत, उलट आमच्या पिढीची सगळी लाडकीच आहेत ती, पण ती यादी वाचून असं वाटलं की कुणीतरी पन्नाशीतल्या माणसाने आपण काय काय वाचलं होतं ते आठवून लिहून काढलंय आणि वर "मुलांसाठी" असं शीर्षक टाकलंय. पाचवीतलं पोर आणि बारावीतला मुलगा एकाच पंगतीला बसवायचे, दोघांच्या पानात हजार हजार पानं वाढायची, आणि मग आपणच म्हणायचं की हल्लीची मुलं वाचत नाहीत.

मी गोव्यात डिचोली तालुक्यात राहते. देवळाच्या अग्रशाळेतल्या एका खोलीत आमचं वाचनालय आहे, तीन कपाटं, एक खडखडणारा फॅन आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी मी. पगार बिगार काही नाही, घरात बसून सीरियल बघण्यापेक्षा बरं म्हणून बसते. त्यामुळे कुठलं पुस्तक कोण नेतं आणि कितव्या दिवशी कसं परत आणतं हे मला रजिस्टर न बघता सांगता येतं.

तर दिवाळीच्या सुट्टीत आठवीतला एक मुलगा आला आणि 'श्रीमान योगी' घेऊन गेला, आजोबांनी सांगितलंय म्हणाला. पाचव्या दिवशी परत. मी विचारलं वाचलंस का, तर म्हणे हो, छान आहे. पुस्तक कपाटात ठेवताना आतून कदंब बसचं तिकीट पडलं, एकोणतिसाव्या पानातून. मी काही बोलले नाही, काय बोलणार. मग सहज म्हणून त्या पुस्तकाची पानं चाळली तर एक पेन्सिलीचं साल, एक चॉकलेटचा कागद, एक सुकलेलं अबोलीचं फूल, सगळ्या खुणा पहिल्या चाळीस पानांच्या आतल्या. म्हणजे इतकी पोरं तिथवर जाऊन मागे फिरली होती आणि प्रत्येकाने घरी जाऊन सांगितलं असणार, छान आहे. त्यांना आता कायमचं वाटतंय की ऐतिहासिक कादंबरी म्हणजे आपल्याला न झेपणारी गोष्ट. रणजित देसाईंची यात काही चूक नाही, त्यांनी ती आठवीतल्या मुलासाठी लिहिलीच नव्हती. चूक आपली, देणाऱ्यांची.

मला विचाराल तर दहा-बारा वर्षांच्या मुलाला राजापेक्षा राजाच्या वेळचं घर जास्त कळतं. हे मी कुठे वाचून सांगत नाहीये, माझ्या घरातलंच आहे. माझ्या आईचं माहेर डिचोलीचं. १८ डिसेंबर १९६१ ला पहाटे पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगिजांनी, डिचोलीचा पूल उडवला तेव्हा ती दहा वर्षांची होती. आता गोवा मुक्ती, ऑपरेशन विजय, ४५१ वर्षं, हे सगळं माझ्या मुलीला शाळेत होतं, परीक्षेत लिहून मार्क पण मिळवले तिने आणि मग विसरली. पण एकदा आईने सांगितलं की तो आवाज झाला तशी मांडणीवरची भांडी थरथरली, आजी पहिली धावली ती गोठ्यात, गाय सोडायला, आणि सगळे अंगणात जमून आता काय होणार म्हणून बोलत राहिले त्यात चुलीवरची पेज करपून गेली. माझी मुलगी तेव्हा सहावीत, तिने लगेच विचारलं, मग ती पेज टाकली की खाल्ली? आई म्हणाली, खाल्ली गो, टाकतंय कोण. त्यावर मग प्रश्नच प्रश्न, तुम्ही त्या दिवशी शाळेत गेलात का, पाखले कुठे गेले, पूल नाही तर पलीकडची माणसं आली कशी, गाय परत आली का. तासभर चाललं होतं. ती करपलेली पेज नसती तर यातला एकही प्रश्न आला नसता असं मला वाटतं.

लहानांसाठी इतिहासाची गोष्ट लिहायची तर ही असली पेज त्यात पाहिजे.

आता मराठीत असं काही आहे का, तर आहे, पण शोधून द्यावं लागतं. गो. नी. दांडेकरांच्या शिवकाळावरच्या पाच कादंबऱ्या आहेत, 'बया दार उघड', 'हर हर महादेव', 'दर्याभवानी', 'झुंजार माची' आणि 'हे तो श्रींची इच्छा'. आता एकत्र 'कादंबरीमय शिवकाल' म्हणूनही मिळतात, पण मुलांना तो ठोकळा देऊ नका, सुटी सुटीच द्या. त्यात साधी माणसं पुढे आहेत, महाराज आहेत पण मागे, डोंगरावर दिवा दिसावा तसे. भाषा थोडी अवघड वाटेल, गोनीदांची बोली मावळातली, आपल्या इथल्या मुलांना काही शब्द अडतात, पण दोन-तीन प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवली की कान बसतो. मी आठवी-नववीच्या पोरांना हेच पहिलं देते. त्याआधीच्या वयाला नको.

ह. ना. आपट्यांचं 'गड आला पण सिंह गेला' हे पण देते पण त्याच्यासोबत एक खेळ पण देते. पुस्तक परत आणताना यातलं खरं काय आणि रचलेलं काय ते मला सांगायचं. तानाजी खरे, १६७० खरं, उदयभान किल्लेदार होता ते खरं. ती कमलकुमारी, सती जायला निघालेली, तिला पळवून आणलेली, हे सगळं कादंबरीकाराचं. घोरपड लावून कडा चढले ते पोवाड्यातून आलेलं. आणि सगळ्यात गंमत म्हणजे सिंह गेला म्हणून सिंहगड नाव पडलं असं आपण सगळे शिकलो, पण १६७० च्या आधीच्या कागदपत्रांतसुद्धा सिंहगड हे नाव आहे! हे सांगितलं तेव्हा नववीतली एक मुलगी माझ्यावर चिडलीच, म्हणजे आमच्या बाईंनी खोटं शिकवलं का. म्हटलं खोटं नाही गो, गोष्ट इतकी चांगली होती की लोकांनी ती ठेवून घेतली. त्यानंतर तीच मुलगी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी लेखकाने काही सांगितलंय का ते आधी बघते. मला वाटतं मुलांसाठीच्या प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीत शेवटी दोन पानं असलीच पाहिजेत की बाबांनो हे खरं, हे मी घातलं आणि का घातलं. आपल्याकडे तशी पद्धतच नाही, लेखक म्हणतात रसभंग होतो. काही होत नाही रसभंग, मुलांना उलट तेच आवडतं. आणि व्हॉट्सॲपवर रोज जो इतिहास येऊन पडतो तो वाचताना पुढे त्याच सवयीचा उपयोग होईल.

दहावीच्या पुढच्यांना 'स्वामी' द्या, पण देताना एकच गोष्ट सांगा, माधवराव पेशवे झाले तेव्हा सोळा वर्षांचे होते. सोळा! पानिपतात १७६१ च्या जानेवारीत सगळं घर उद्ध्वस्त झालं, सदाशिवरावभाऊ गेले, विश्वासराव गेला, तो पण अठराचाच, जूनमध्ये वडील गेले आणि हा मुलगा गादीवर. वर काका असा की सांभाळायचा की अडवायचा कळू नये. अकरावीला कुठली साईड घ्यायची यावरून घरात रडारड करणाऱ्या मुलांना हे बरोबर लागतं. सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेले तेही सांगा. आणि शेवटी रमाबाई सती जातात, त्यावर मुली विचारणार, विचारायलाच पाहिजे. तेव्हा "त्या काळी तसं होतं" असं म्हणून विषय बंद करू नका. माझ्याकडे एकीने विचारलं की लेखकाने हे इतकं सुंदर करून का लिहिलंय, मला अजून नीट उत्तर देता आलेलं नाही. पण बारा वर्षांच्या पोराला कादंबरी वाच म्हणून हेच पुस्तक बक्षीस देणारी एक शाळा मला माहीत आहे, दरवर्षी देते, कव्हर न फाटता ती पुस्तकं दोन वर्षांनी रद्दीवाल्याकडून आमच्या वाचनालयात येतात. आतल्या पानावर बक्षिसाचा शिक्का तसाच.

हे झालं पुण्या-साताऱ्याचं. माझं खरं दुखणं पुढे आहे. आपल्या गोव्याचं काय?

आमच्या मुलांना राजगडाच्या माच्या पाठ आहेत, फोंड्याचा किल्ला कुणी लढवला ते माहीत नाही. तो संभाजी महाराजांवरचा सिनेमा आला तेव्हा थेटरातून रडत आलेली पोरं मी बघितली, त्यांना म्हटलं अरे १६८३ च्या नोव्हेंबरात महाराज इथे होते, तुमच्या मावशीच्या गावाजवळ. विसरेईने, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉयने, फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातलेला, आत येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी, महाराज स्वतः आले तसा विसरेई मागे पळाला, आणि पंधरा दिवसांत मराठे जुवें बेटावर, म्हणजे आत्ताच्या सांतइस्तेववर, शिरले, रात्री, ओहोटी बघून. सांतइस्तेवच्या मुलांना ओहोटी काय ते शिकवावं लागत नाही, मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, ती कधी उघडायची, बांधावरून कधी चालता येतं, चिखलात पाय कुठे रुततो हे त्यांना चालायला लागल्यापासून माहीत असतं. त्या बेटावरचा एखादा मुलगा, मानशीची राखण करणाऱ्याचा, त्या रात्री जागा असेल तर त्याने काय बघितलं असेल? आणि तो कुणाच्या बाजूचा असेल? मला तर हा दुसरा प्रश्न जास्त आवडतो. अशी कादंबरी मराठीत माझ्या बघण्यात नाही, कुणाला माहीत असेल तर याच पानावर कळवा, मी स्वतःच्या पैशांनी दोन प्रती घेईन.

आणि असे विषय काय कमी आहेत का. १५६० च्या सुमाराला कुशस्थळीहून मंगेश जुवारी नदी ओलांडून प्रियोळला नेला, पलीकडे आदिलशाही म्हणून. दर जत्रेला आपण मंगेशीला जातो, चणे-खाजं घेतो, फोटो काढतो, पण देव होडीत बसून आला हे किती मुलांना माहीत आहे? होडी कोण वल्हवत होतं, बरोबर कोण होतं, कुणी मागे राहिलं आणि का राहिलं. जे मागे राहिले त्यातलेच काही पुढे ख्रिस्ती झाले, आणि आज त्यांचीच पोरं आपल्या पोरांच्या बाकावर बसतात. म्हणून हा विषय जरा जपून लिहायचा, पण लपवायचा पण नाही. इन्क्विझिशनवर, म्हणजे पोर्तुगिजांच्या त्या धर्मन्यायालयावर, मुलांसाठी लिहायचं म्हटलं की एक तर लोक घाबरतात नाहीतर तलवारच काढतात. मला १७३६ चा तो हुकूमनामा आठवतो, त्यात काय काय बंद केलं होतं त्याची यादी आहे, तुळस लावायची नाही, धोतर नेसायचं नाही, आणि भात मिठाशिवाय शिजवायचा नाही, कारण बिनमिठाचा भात हिंदू शिजवतात. हा हुकूम कुणासाठी होता, तर बाटलेल्या घरांसाठी. म्हणजे दोन-दोनशे वर्षं ख्रिस्ती असलेल्या घरातली एखादी म्हातारी अजून सवयीने भातात मीठ घालायला विसरत होती आणि त्याची भीती बाळगावी लागत होती. या म्हातारीची नात धरा दहा वर्षांची, तिला कुणीतरी बाहेरचं विचारतंय की तुमच्याकडे भात कसा शिजवतात. मी लेखिका असते तर इथूनच सुरुवात केली असती. हे पुस्तक सावंत-नाईकांच्या मुलांनी वाचलं तरी चालेल आणि फर्नांडिसांच्या मुलांनी वाचलं तरी चालेल, कुणाला मान खाली घालावी लागणार नाही. मोठ्यांसाठी या काळावर महाबळेश्वर सैलांची 'तांडव' आहे, जबरदस्त आहे, पण कॉलेजच्या मुलांच्या आधी कुणाला देऊ नये असं माझं मत.

आबे फारिया घ्या, तो संमोहनवाला पाद्री. पणजीला जुन्या सेक्रेटरिएटच्या बाजूला तो पुतळा, बाईवर हात पसरून उभा, लहान मुलं त्याला घाबरतात, माझी तर रडायचीच. १७५६ ला कांदोळीला जन्म, आणि "कातर रे भाजी" ही दंतकथा आपल्या सगळ्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेली, की पोर्तुगालात राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि बोबडी वळली तेव्हा बापाने हळूच कोकणीतून सांगितलं, ही सगळी भाजी, काप. हा आपला कांदोळीचा माणूस ड्यूमाने 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' मध्ये घातला, समुद्रातल्या तुरुंगात भुयार खणणारा पाद्री, पण तिथे तो इटालियन करून टाकला. म्हणजे फ्रेंच माणसाला आपला माणूस कादंबरीसाठी सापडला आणि आपल्याला नाही सापडत. गंमतच आहे.

आणि रेडिओ! तो विषय तर आयता आहे हो. १९५५ च्या नोव्हेंबरपासून मुक्तीपर्यंत, आंबोली आणि कॅसलरॉकच्या रानात लपून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघं रोज गोव्याच्या सुटकेचा रेडिओ चालवत होते, कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून. सहा वर्षं रानात. आणि १९ डिसेंबरला विमानात बसून लाऊडस्पीकरवरून गोवा मुक्त झाल्याचं सांगत फिरले. लिबियाबाईंना आता अलीकडे पद्मश्री मिळाली तेव्हा माझ्या मुलीने विचारलं, ही बाई कोण. त्याच काळात नाकेबंदी होती, भारतातून काही येत नव्हतं तर पाखले बटाटे हॉलंडहून आणायचे, आई सांगते ते बटाटे बघायला शेजारपाजारचे यायचे. एका घरात दार लावून हळू आवाजात रेडिओ चाललाय आणि चुलीवर हॉलंडचा बटाटा शिजतोय, याहून जास्त काय पाहिजे सातवी-आठवीच्या पुस्तकाला? आणि हे बघितलेली माणसं अजून आहेत, पंचाहत्तर-ऐंशीची झालीत. लिहिणाऱ्यांनी घाई करायला हवी एवढंच.

तोपर्यंत काय करायचं, तर मी करते ते सांगते, फार काही नाही. पुस्तक देताना वयापेक्षा वाचायची सवय बघते, ज्याने आयुष्यात दोनशे पानं सलग वाचलेली नाहीत त्याला आधी शंभर पानांचं. लढाया आवडणाऱ्याला लढाईचं, पण पुढचं पुस्तक मुद्दाम घरातलं. आणि "संस्कारासाठी वाच" हे वाक्य वाचनालयात बोलायला बंदी आहे, पालकांना पण. ते ऐकलं की मुलं पुस्तक असं धरतात जसं एरंडेलाचा चमचा. पणजीला जाणं होत असेल तर पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा वेगळा विभाग आहे, तिथे मुलाला नेऊन सोडा आणि स्वतः वेगळ्या मजल्यावर जाऊन बसा, मागे उभं राहून हे घे ते घे करू नका.

आणि तुम्हाला एक विनंती, पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा प्रत्येक पुस्तकापुढे वय लिहा, पानं किती ते लिहा, आणि यादी करणाऱ्याने ते पुस्तक गेल्या पाच वर्षांत एखाद्या मुलाच्या हातात बघितलंय का तेही विचारा. जमलं तर पुरवणीत अर्धा कॉलम आजी-आजोबांना द्या, ६१ सालच्या आधीचं एकेक घर, एकेक दिवस, बाकी भाषण नको.

तो एकोणतिसाव्या पानावरचा मुलगा नंतर आला होता. मी त्याला 'झुंजार माची' दिली, ते तिकीट पण आत घालून दिलं, म्हटलं खूण तुझीच आहे. रजिस्टरप्रमाणे पुस्तक परत यायला बारा दिवस उशीर झालाय. परवा बाजारात दिसला, मला बघून माशांच्या बाजूला वळला. दंड रोज एक रुपया आहे आमच्याकडे, मी अजून मोजायला घेतलेला नाही.

आपली,
एक वाचक, डिचोली